शोरूमचे फोन थांबत नाहीत? नंबर ब्लॉक करण्याआधी हे क्रमाने तपासा

गाडीच्या शोरूममधून येणारे फोन, एसएमएस आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज कसे थांबवायचे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत माझ्याकडे इतक्यांदा आला की आता फोन हातात घेतल्याबरोबर कुठे काय बघायचं हे ठरून गेलं आहे. स्वतःच्या फोनवर केलं, घरातल्यांच्या केलं, ओळखीतल्यांच्या केलं. खाली लिहिलेलं सगळं भारतातल्या नियमांना आणि इथल्या शोरूमच्या कामाच्या पद्धतीला धरून आहे. आधी लक्षणं, मग उपाय. फुकटचे आणि पाच मिनिटांचे उपाय आधी, लिखापढीचे नंतर. बहुतेकांचं काम तिसऱ्या-चौथ्या पायरीवर होऊन जातं.

लक्षणं

तुमचा त्रास यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे ते आधी ओळखा. उपाय त्यावरच ठरतो.

- एकदा शोरूममध्ये जाऊन आलात किंवा टेस्ट ड्राइव्ह घेतलीत. तेव्हापासून दर चार-आठ दिवसांनी फोन येतो, प्रत्येक वेळी वेगळा माणूस, आणि प्रश्न तोच: “सर, गाडीचं काय ठरलं?”
- एका वेबसाइटवर ‘ऑन-रोड किंमत पाहा’ असं दाबलंत आणि त्याच दिवशी तीन-चार वेगवेगळ्या शोरूमचे फोन सुरू झाले.
- गाडी घेऊन झाली आहे. आता सर्व्हिस, एक्स्टेंडेड वॉरंटी, एक्सचेंज, इन्शुरन्स असे फोन येतात.
- गाडी विकली, तरी त्याच गाडीच्या सर्व्हिसची आठवण करून देणारे फोन तुम्हालाच येतात.
- गाडीच नाही, कधी नव्हतीही. तरी फोनवर कुणा भलत्याच नावाने विचारतात.
- नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या दिवशी नव्या नंबरवरून तोच फोन.

शेवटचं लक्षण जवळपास सगळ्यांना दिसतं आणि खरा बिघाड तिथेच कळतो. तुम्हाला फोन करते ती एक नोंद. शोरूमच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या नावाची एन्क्वायरी, त्यांच्या भाषेत ‘लीड’, उघडी पडलेली असते. तिच्यात तुमचं नाव, नंबर, विचारलेलं मॉडेल आणि पुढच्या फॉलोअपची तारीख असते. ती तारीख आली की सॉफ्टवेअर तुमचं नाव त्या दिवशी कामावर असलेल्या टेलिकॉलरच्या यादीत टाकतं. या टेलिकॉलरने तुम्हाला आधी कधीच फोन केलेला नसतो. म्हणून ती पहिल्यापासून सुरुवात करते आणि आपल्याला वाटतं, हे मुद्दाम छळतायत. नंबर ब्लॉक केला तर फक्त एक सिम बंद होतं. नोंद उघडीच राहते. पुढचं सगळं काम ती नोंद बंद करण्याचं आहे.

पहिली तपासणी: फोन कुठून आला ते लिहून ठेवा

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. आठवडाभर आलेल्या प्रत्येक फोनचा नंबर, तारीख, वेळ आणि शोरूमचं नाव एका जागी लिहा. मेसेज आले असतील तर पुसू नका आणि कॉल लॉगही साफ करू नका. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा असतो. त्याआधीच लोक चिडून सगळं डिलीट करतात आणि मग हातात काहीच राहत नाही.

नंबर बघून बरंच कळतं. १४० ने सुरू होणारा नंबर हा जाहिरातीच्या फोनसाठी ठेवलेल्या मालिकेतला आहे, म्हणजे कॉल करणारी कंपनी टेलिमार्केटर म्हणून नोंदलेली आहे. १६०० ची मालिका व्यवहाराच्या आणि सेवेच्या फोनसाठी आहे. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून जाहिरातीचा फोन आला, तर तो करणारा नोंदणीशिवाय धंदा करतोय. शोरूमचे बरेचसे फोन याच प्रकारचे असतात, कारण सेल्समनला कंपनीने साधं सिम दिलेलं असतं. हे लक्षात ठेवा, तक्रारीच्या पायरीवर उपयोगी पडेल.

एसएमएस असेल तर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी अक्षर बघा. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०२५ च्या दुरुस्तीत हे सक्तीचं केलं आहे. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवेचा मेसेज, ‘टी’ म्हणजे व्यवहाराचा, ‘जी’ म्हणजे सरकारी. ‘सर्व्हिस कॅम्पमध्ये खास सूट’ असा मेसेज ‘एस’ लावून आला असेल, तर तो चुकीच्या दारातून आलेला आहे आणि त्याचीही तक्रार करता येते.

दुसरी तपासणी: फोनवर तुम्ही नेमकं काय बोलता?

ही पायरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. माझे काका चार महिने वैतागले होते. मी शेजारी बसून त्यांचं बोलणं ऐकलं. प्रत्येक फोनला त्यांचं एकच उत्तर: “आत्ता जरा कामात आहे.” टेलिकॉलरने काय करायचं? तिने ‘कॉल बॅक’ असं नोंदवलं आणि सॉफ्टवेअरने पुढची तारीख लावून दिली. काका प्रत्येक वेळी स्वतःच्या तोंडाने पुढचा फोन बोलावत होते.

आपल्या साध्या उत्तरांचा तिकडे काय अर्थ होतो ते बघा. फोन उचललाच नाही, तर ‘आरएनआर’, म्हणजे रिंग झाली पण उत्तर नाही. नाव उद्याच्या यादीत. “विचार चाललाय” म्हटलं, तर लीड गरम, आता मॅनेजरही फोन करेल. “दिवाळीनंतर बघू” म्हटलं, तर दिवाळीनंतर फोन येणारच, आणि त्यात त्यांची चूक नाही. रागाने फोन आपटला, तर बहुतेक वेळा तीही ‘आरएनआर’च. “दुसरी गाडी घेतली” असं खोटं सांगितलं, तर विक्रीचा फोन थांबेल, पण इन्शुरन्स आणि एक्सचेंजच्या यादीत नाव जाण्याची दाट शक्यता. म्हणून खोटं बोलू नका. नुकसान तुमचंच होतं.

फोन उचला आणि शांतपणे हे सांगा:

“मला गाडी घ्यायची नाही. माझी एन्क्वायरी लॉस्ट म्हणून बंद करा आणि नंबरला डू नॉट कॉल लावा. आता लावताय का? तुमचं नाव आणि शाखा सांगा, मी लिहून घेतोय.”

यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे. ‘लॉस्ट’ हा त्यांचाच शब्द आहे. लीड बंद करताना निवडायचा पर्याय बहुधा याच नावाने असतो. ‘डू नॉट कॉल’ म्हटल्यामुळे नवीन एन्क्वायरी म्हणून तुमचा नंबर पुन्हा भरला जाण्याला अडथळा येतो. ‘आता लावताय का’ विचारलं की ती फोनवर असतानाच ते करून टाकते. आणि नाव विचारलं की काम टाळलं जात नाही.

टेलिकॉलरवर ओरडू नका, हे मी मनापासून सांगतो. तिच्यासमोर दिवसाची यादी असते, डोक्यावर टार्गेट असतं, आणि तुमची नोंद बंद करू शकणारी त्या क्षणी तीच एक व्यक्ती असते. नीट बोललात तर दोन मिनिटांत काम होतं. पहिल्या लक्षणातल्या लोकांपैकी अनेकांचा त्रास इथेच संपलेला मी पाहिला आहे.

इन्शुरन्सच्या फोनला थोडं वेगळं सांगावं लागतं. पॉलिसी संपण्याच्या महिना-दोन महिने आधी शोरूमच्या इन्शुरन्स डेस्कवरून फोन सुरू होतात. २०१७ पासून विमा नियामकाच्या नियमांनुसार शोरूम अधिकृतपणे मोटार विमा विकू शकते, पण तिच्याकडूनच घेण्याचं बंधन तुमच्यावर नाही. तुम्ही दुसरीकडून पॉलिसी घेतलीत हे तिच्या सॉफ्टवेअरला बऱ्याचदा कळत नाही, म्हणून फोन चालूच राहतात. “पॉलिसी दुसरीकडून रिन्यू झाली, नोंद बंद करा” एवढं म्हणा. पॉलिसीची प्रत पाठवायला सांगतील, ती पाठवायची गरज नाही.

तिसरी तपासणी: मेसेज आणि व्हॉट्सअ‍ॅपचं दार

जाहिरातीच्या एसएमएसमध्ये ‘नको’ म्हणण्याची सोय देणं आता सक्तीचं आहे. ती वापरा. एकदा तुम्ही नकार दिलात की ९० दिवस ती कंपनी तुमच्याकडे पुन्हा संमती मागू शकत नाही. मात्र दहा आकडी साध्या नंबरवरून आलेल्या मेसेजमधल्या लिंकवर नकार देण्यासाठीसुद्धा बोट लावू नका. त्यामागे फसवणूक असू शकते, तिच्याबद्दल शेवटी येईल.

व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळं आहे. तिथे ट्रायचा डीएनडी (‘डू नॉट डिस्टर्ब’, म्हणजे जाहिरातीचे फोन-एसएमएस नकोत अशी नोंद) चालत नाही, कारण तो मेसेज मोबाइल कंपनीच्या एसएमएस यंत्रणेतून येत नाही, इंटरनेटवरून येतो. डीएनडी लावूनही व्हॉट्सअ‍ॅपवर ऑफर येतात म्हणून लोक डीएनडीला दोष देतात, तो या गैरसमजातून. इथे चॅट उघडून ‘ब्लॉक’ आणि सोबत ‘रिपोर्ट’ करायचं. रिपोर्ट केल्यावर त्या खात्याकडून आलेले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात आणि तक्रारी वाढल्या तर त्या खात्यावर मर्यादा येते. सेल्समनने तुम्हाला एखाद्या ब्रॉडकास्ट यादीत घातलं असेल तर त्याचा नंबर स्वतःच्या कॉन्टॅक्टमधून काढून टाका. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्याचा नंबर सेव्ह असलेल्यांनाच पोचतो. टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी सेव्ह केलेला तो नंबर वर्षानुवर्षं तसाच पडून असतो.

चौथी तपासणी: डीएनडी खरंच लागलेलं आहे का?

“माझं डीएनडी कधीचं चालू आहे” असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं प्रत्यक्षात नसतं, हा माझा अनुभव. नंबर पोर्ट केला, नवीन सिम घेतलं किंवा फक्त मनात ठरवलं होतं. डीएनडीसाठीच्या १९०९ या नंबरला फोन करून सद्यस्थिती विचारा, किंवा ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपमध्ये बघा. पूर्ण बंदीसाठी इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’, मग एक जागा सोडून शून्य, असा एसएमएस १९०९ वर पाठवता येतो. दोन्ही फुकट आहे.

सगळं बंद नको असेल तर विषयवार निवड करता येते. ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहनं हा त्यातला पाचवा गट आहे. माझं मत असं की निवडत बसू नये, सगळंच बंद करावं. बँकेचे ओटीपी आणि व्यवहाराचे मेसेज डीएनडीमुळे थांबत नाहीत, त्यामुळे ती भीती सोडा.

आता डीएनडी असूनही फोन का येतात? दोन कारणं. एक, तुम्ही स्वतः दिलेली संमती डीएनडीच्या वर बसते. शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हचा फॉर्म भरताना खाली बारीक अक्षरांत असलेल्या चौकटीवर खूण केलीत, ती संमती. २०२५ च्या दुरुस्तीने याला एक चांगला लगाम घातला: चालू व्यवहारापुरती दिलेली संमती फक्त ७ दिवस चालते. एकदा किंमत विचारली म्हणून वर्षभर फोन करायचा परवाना मिळत नाही. हे वाक्य फोनवर सांगून बघा, समोरचा माणूस लगेच सावध होतो. दुसरं कारण, साध्या मोबाइल नंबरवरून फोन करणारा डीएनडीची यादी तपासतच नाही. त्याच्यावर उपाय तक्रार हाच.

पाचवी तपासणी: नंबर गेला कुठून?

गाडीची किंमत दाखवणाऱ्या वेबसाइट तुमचा नंबर घेऊन तो त्या भागातल्या अनेक शोरूमना विकतात. त्यांचा धंदाच तो आहे. म्हणून एका शोरूमला नकार दिला तरी बाकीच्या चालू राहतात. त्या वेबसाइटवर लॉगिन करून खातं डिलीट करा, आणि आधी प्रोफाइलमधला ‘ऑफर पाठवा’ हा पर्याय बंद करा.

गाडी घेतलेली असेल तर कंपनीचं अ‍ॅप उघडा, ज्यात सर्व्हिस बुक करता किंवा गाडीचं लोकेशन बघता ते. सेटिंगमध्ये गोपनीयता किंवा संवाद अशा नावाखाली कॉल, एसएमएस, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप यांची वेगवेगळी बटणं सापडतात. बहुतेकांच्या अ‍ॅपमध्ये ती सगळी चालू असतात, कारण पहिल्या दिवशी डिलिव्हरी घेताना शोरूमच्याच मुलाने तुमच्या फोनवर अ‍ॅप टाकून सगळ्याला ‘हो’ दाबलेलं असतं.

पाचव्या लक्षणाचं, म्हणजे गाडी नसतानाही भलत्याच नावाने फोन येण्याचं, कारण बहुधा नंबरचं आहे. बंद झालेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. तुमचा नंबर आधी कुणा गाडीवाल्याचा होता. इथे लॉस्ट वगैरे म्हणू नका. “हा नंबर त्यांचा नाही, राँग नंबर म्हणून काढून टाका” असं सांगा. आधीच्या माणसाची गाडी, पॉलिसी, सर्व्हिस यांची माहिती ते बोलता बोलता सांगू लागले तर थांबवा. ती ऐकण्याचा आपल्याला अधिकार नाही.

सहावी तपासणी: गाडी विकली आहे, तरी फोन येतात

या एका लक्षणाकडे कृपा करून फक्त त्रास म्हणून बघू नका. माझ्या मावशीने गाडी विकून दीड वर्ष झालं होतं आणि तिला सर्व्हिसची आठवण करणारे फोन येत होते. ती प्रत्येक वेळी “गाडी विकली हो” म्हणून ठेवून द्यायची. मी सहज म्हणून परिवहन खात्याच्या एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला. मालकाच्या नावाची अक्षरं तिथे अर्धी झाकलेली असतात, पण आपलं नाव ओळखता येतं. गाडी अजून मावशीच्याच नावावर होती. घेणाऱ्याने आरसी ट्रान्सफर केलंच नव्हतं.

फोन येणं हा तिथे बिघाड नव्हताच, बिघाडाची घंटा होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, मग त्याने गाडी आधीच विकली असली तरी. त्या गाडीने अपघात केला आणि विमा नसला, तर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या माणसावर येऊ शकते. ई-चलनही त्याच्याच नावावर निघतात.

म्हणून विकलेल्या गाडीचे फोन येत असतील तर शोरूमशी बोलण्याआधी हे तपासा:

१. एम-परिवहन अ‍ॅप किंवा परिवहनच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव.
२. त्या गाडीवर थकलेली ई-चलनं.
३. विकताना सही केलेल्या फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती आणि गाडी ताब्यात दिल्याची पावती तुमच्याकडे आहे का. फॉर्म २९ ही विक्रीची सूचना, ३० हा ट्रान्सफरचा अर्ज. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

गाडी जुन्या गाड्यांच्या डीलरला दिली असेल, तर एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत डीलरला गाडी ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९ सी मध्ये ऑनलाइन द्यायची असते. ती झाली की पुढच्या विक्रीपर्यंतची जबाबदारी डीलरवर जाते. ती झाली नसेल तर आजच मागे लागा.

नाव बदललेलं आहे असं दिसलं, तर काळजी नाही. मग शोरूमला सांगायचं की गाडीची मालकी बदलली आहे, गाडीच्या नोंदीवरून माझा नंबर काढा. नवीन मालकाचा नंबर मागतील. त्यांच्या परवानगीशिवाय देऊ नका. आपल्याला ज्याचा त्रास झाला तेच आपण दुसऱ्याला करायचं नाही.

सातवी तपासणी: लेखी पत्र, दोन्हीकडे

तोंडी सांगून महिना झाला आणि फोन चालूच आहेत, तर आता लेखी. इथे लोक एक चूक हमखास करतात: फक्त शोरूमला लिहितात. तुमची नोंद दोन जागी असते, शोरूमच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये. शोरूमने पुसली तरी कंपनीकडून ती पुन्हा खाली येते, कधी दुसऱ्याच शोरूमकडे. म्हणून एकच ईमेल दोघांना पाठवा. कंपनीचा पत्ता तिच्या वेबसाइटच्या तळाशी गोपनीयता धोरणात मिळतो. तिथे तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता देणं २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अपेक्षित आहे आणि तक्रारीचा निकाल महिन्याभरात लावायचा असतो.

मजकूर साधा ठेवा:

“माझा मोबाइल क्रमांक … हा मी अमुक महिन्यात फक्त टेस्ट ड्राइव्हसाठी दिला होता. जाहिरात, ऑफर, इन्शुरन्स, एक्सचेंज यांसाठीची कोणतीही संमती मी या पत्राने मागे घेत आहे. माझी एन्क्वायरी बंद करावी आणि माझा क्रमांक कोणालाही देऊ नये. आतापर्यंत तो कुणाला दिला ते कळवावं. माझ्या गाडीच्या सुरक्षेसंबंधीच्या सूचना, रिकॉल आणि मी स्वतः बुक केलेल्या सर्व्हिसचे मेसेज मात्र चालू ठेवावेत. १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. सोबत आलेल्या फोनची यादी जोडली आहे.”

रिकॉलचं वाक्य गाळू नका. गाडीत सुरक्षेचा दोष निघाला तर कंपनी गाड्या परत बोलावते, आणि ती सूचना तुमच्यापर्यंत याच नंबरवर येते. चिडून ‘मला कधीच संपर्क करू नका’ असं लिहिलं आणि एअरबॅगची सूचना चुकली, तर ते फार महाग पडेल. ज्यांच्याकडे सध्या गाडी नाही त्यांनी तेवढं वाक्य काढून टाकावं.

संमती मागे घेण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं असलं पाहिजे असंही त्यात म्हटलं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला तिथून १८ महिने दिलेले आहेत. तोवर पत्रात कायद्याचा उल्लेख करा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. खरा जोर पुढच्या पायरीत आहे.

आठवी तपासणी: १९०९ वर तक्रार

फोन किंवा मेसेज आल्यापासून ७ दिवसांच्या आत तक्रार करायची. आधी ही मुदत ३ दिवसांची होती. डीएनडी अ‍ॅपमधून कॉल लॉगमधला नंबर निवडून करता येते, १९०९ ला फोन करून करता येते किंवा तुमच्या मोबाइल कंपनीच्या अ‍ॅपमधून. तक्रारीत तुमचा नंबर, ज्यावरून फोन आला तो नंबर, तारीख आणि एका ओळीत काय बोलणं झालं एवढं पुरतं. “अमुक शोरूममधून गाडी विक्रीचा फोन, संमती दिलेली नाही” असं नेमकं लिहा. “त्रास देतात” एवढंच लिहिलं तर तक्रार लटकते. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

साध्या दहा आकडी नंबरवरून फोन आला असेल, तर तुमचं डीएनडी लागलेलं नसलं तरी तक्रार चालते. हाही २०२५ चा बदल. अशा नंबरवर कारवाई करायला मोबाइल कंपनीला आधी ३० दिवस होते, आता ५ आहेत. आणि महत्त्वाचं, एखाद्या पाठवणाऱ्याविरुद्ध १० दिवसांत ५ तक्रारी आल्या की कारवाईचा दट्ट्या पडतो. पहिल्या वेळी त्याच्या सगळ्या लाइनचे आउटगोइंग १५ दिवस बंद. पुन्हा केलं तर वर्षभरासाठी सगळ्या मोबाइल कंपन्यांकडची जोडणी तोडली जाते. म्हणून घरात चौघांना त्याच शोरूमचे फोन येत असतील, तर चौघांनी आपापल्या फोनवरून तक्रार करा. एकट्याने चारदा करण्यापेक्षा त्याला वजन जास्त.

तक्रार झाली की मग खुशाल ब्लॉक करा. आधी नाही.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

पुढच्या गोष्टी घरी बसून सोडवायच्या नाहीत.

बोलणारा शोरूमचं नाव घेतो पण ओटीपी, आधार क्रमांक किंवा बुकिंगच्या नावाखाली लगेच पैसे मागतो. तो शोरूमचा माणूस नसण्याची शक्यता मोठी. फोन ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तुमच्या गाडीचं चलन’ म्हणून ‘एपीके’ फाइल आली तर उघडू नका. ती फोनमध्ये शिरून ओटीपी वाचणारी फाइल असते आणि तिने अनेकांची खाती रिकामी केली आहेत. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, मग बँकेला. पहिले काही तास मोलाचे असतात, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येतात. पैसे गेले नाहीत पण संशय आहे, तर ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलच्या ‘चक्षू’ सोयीत कळवा.

विकलेली गाडी अजून तुमच्या नावावर आहे आणि घेणारा सापडत नाही किंवा ट्रान्सफरला टाळाटाळ करतो. आरटीओत लेखी कळवा आणि वकिलाला भेटा. त्या गाडीने अपघात केल्याची नोटीस आली असेल तर एकही उत्तर स्वतः लिहू नका.

बुकिंगची रक्कम परत मिळत नाही आणि ती मागितली की उलट विक्रीचेच फोन येतात. हा मार्केटिंगचा प्रश्न राहिला नाही, ग्राहक तक्रार झाली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे भागलं नाही तर ग्राहक आयोग. विम्याच्या बाबतीत फसवून पॉलिसी गळ्यात मारली असेल तर विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल.

आणि फोनवरचा माणूस धमकी देऊ लागला, घरच्या पत्त्याचा उल्लेख करू लागला, किंवा एखाद्या सेल्समनने घरातल्या मुलीला खासगी मेसेज पाठवायला सुरुवात केली, तर वरची एकही पायरी करत बसू नका. मेसेजचे स्क्रीनशॉट काढा, कॉल लॉग राहू द्या, आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा. जाताना पहिल्या पायरीतली नंबर आणि तारखांची यादी सोबत न्या.